शेकोटीची चव

चवमास्तरांचं नाक चोंदलं ते नेमकं थोरल्या बहिणीच्या दुकानातल्या कार्यक्रमाच्या दिवशी. हा माणूस दर रविवारी वर्तमानपत्रात चवीवर लिहायचा. लोकांनी काय खावं, त्यासोबत काय प्यावं आणि खाताना चेहरा कसा ठेवावा, हे सगळं तोच ठरवायचा. त्या सकाळी कॉफी त्याला गरम पाण्यासारखी लागली. कांदा कापून हुंगला, तर तेही व्यर्थ.

ताई चॉकलेट स्वतः करायची, अगदी बिया भाजण्यापासून. संध्याकाळी तिच्या कडू चॉकलेटबरोबर फसफसता चहा द्यायचा बेत होता. म्हणजे थंड चहा, सोड्यासारखा गॅस भरलेला, उंच ग्लासात ओतायचा. दोन्हींची चव पाहुण्यांना समजावून सांगायचं काम मास्तरांकडे होतं. सर्दीचं सांगून टाकावं असं मास्तरांच्या मनात आलंही. पण पोहणं शिकवणाऱ्यानं पाण्याची भीती वाटते म्हणायचं कसं? रुमाल खिशात कोंबून तो दुकानात गेला.

पाहुणे जमले. त्यात एक वकीलबाई होत्या, एक डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर होते, आणि बाकीचे या दोघांकडे बघून मान हलवणारे. मास्तरांनी तुकडा तोंडात घातला. मेण चघळल्यासारखं वाटलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून त्यानं डोळे मिटले.

"धूर," तो सावकाश म्हणाला. "लांब कुठंतरी शेकोटी विझत आलीय. आता चहाचा घोट घ्या. उजाडतंय बघा."

डॉक्टरांना लगेच उजाडलेलं दिसलं. वकीलबाईंनी शेकोटी कुठल्या लाकडाची असावी असं विचारलं. मास्तरांनी बेधडक सफरचंदाचं लाकूड सांगितलं, आणि तसा वास आपल्यालाही आल्याचं चौघांनी कबूल केलं. ताई मात्र कोपऱ्यात पांढरीफटक पडून उभी होती. बहिणीचा ऊर भरून आलाय, असं मास्तरांना वाटलं.

पाहुणे गेल्यावर तिनं त्याला आतल्या खोलीत ओढलं. चॉकलेट करपलेलं होतं. बिया जास्त भाजल्या गेल्या म्हणून टाकायला काढलेला ट्रे गडबडीत बाहेर गेला होता. भाऊ काहीतरी खूण करेल, सावरून घेईल, म्हणून ती डोळ्यांत प्राण आणून बघत होती, आणि त्यानं तर शेकोटीच पेटवली.

"ताई, मला सर्दी झालीय, सकाळपासून कशाचीच चव नाही," तो शेवटी म्हणाला.

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "आणि त्या सगळ्यांनाही सर्दी होती?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानात 'शेकोटीचं' हवं म्हणून माणसं येऊ लागली. ताईचं चांगलं चॉकलेट फळीवर पडून राहिलं. त्या दिवशीचं करपलेलं होतं, असं तिनं वकीलबाईंना सरळ सांगून पाहिलं. कलावंत माणसं अशीच विनयशील असतात, असं म्हणत बाईंनी दोन डबे जास्त नेले. मग ताईनं नाद सोडला. आता ती नाकाला फडकं बांधून मुद्दाम बिया करपवते आणि त्या वेळी भावाला मनसोक्त शिव्या देते.

सर्दी उतरल्यावर तिनं त्याच्यापुढं त्याच चॉकलेटचा तुकडा ठेवला. एका चाव्यातच मास्तर मोरीकडे धावले. भरपूर चुळा भरून तो रविवारचा लेख लिहायला बसला, खरं काय ते लिहायचंच असं ठरवून. पण पहिल्याच ओळीत शेकोटी आली, आणि ती इतकी झकास आली की त्याच्याच्यानं खोडवेना.