मोठ्या एबीशीतली दानम्मा

सोलापूरच्या त्या मिलमध्ये माणूस कायम झाला असं कुणी म्हणत नसे. ‘मोठ्या एबीशीत गेला’ म्हणत. कारण टाइम ऑफिसात कायम कामगाराच्या फायलीवर नाव टाइप व्हायचं ते सगळं कॅपिटल अक्षरांत, आणि बदलीवाल्याचं सगळं स्मॉल. ही रीत कुठल्या साहेबानं पाडली, देव जाणे. पण इंग्रजीचा गंध नसलेल्या बायकांनाही खिडकीतून फायलींच्या रॅककडे बघून कळायचं, रोजच्या कामाचा धनी कोण आणि रोज सकाळी रांगेत उभं राहून ‘आज घेता का’ विचारणारा कोण.

दानम्मा वाइंडिंग खात्यातली बदलीवाली. काम मिळालं नाही त्या दिवशी घरी जाऊन विड्या वळायची. घरी वळायला पानं-तंबाखू मिळवून देणारं विडी कारखान्याचं कार्ड तिनं मोठ्या खटपटीनं मिळवलं होतं. दिरानं पाटीवर स्मॉल अक्षरांत काढून दाखवलेलं आपलं नाव तेवढं तिला ओळखू यायचं. डावीकडं पोट काढलेलं पहिलं अक्षर आणि शेवटाकडं दोन सारखी, तीन-तीन पायांची. रांगेत उभं राहण्याआधी ती रोज त्या नावाकडे एकदा बघून घ्यायची.

मग मुंबईच्या हेड ऑफिसात कॉम्प्युटर आला. कामगारांच्या फायली आता त्याच्या पोटात राहणार होत्या, आणि त्याला म्हणे फक्त कॅपिटल अक्षरं येत होती. एवढं महागाचं यंत्र, आणि अर्धीच एबीशी शिकलेलं! पण बोलणार कोण? कॉम्प्युटरमधल्या फायलीचं नाव आणि मिलमधल्या फायलीचं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे, असा इंग्रजीत हुकूम आला. टाइपिस्ट त्रिंबकनं टाइपरायटरची शिफ्टची कळ दाबून अडकवली आणि बदलीवाल्यांची नावं एकेक करून मोठी करायला घेतली.

दोन दिवसांनी दानम्मा सकाळी खिडकीशी थबकली. तिच्या फायलीच्या जागी मोठी अक्षरं दिसत होती.

“भाऊसाहेब, माझं नाव मोठं झालं व्हय?”

“हो, झालं,” त्रिंबक मान वर न करता म्हणाला.

बोलणं खरंच होतं. पण त्यानं वर पाहिलं तेव्हा दानम्मानं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे भरून आले होते. ती काय समजली ते त्याच्या तेव्हाच ध्यानात आलं. एका वाक्याचं काम होतं. पण मागे रांग खोळंबली होती, आतून साहेब हाका मारत होते, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे इतक्या आनंदानं आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. उद्या सांगू, असं मनाशी म्हणून त्यानं पुन्हा मशीनमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी ती भोंग्याच्या आधी आली, शेंगांच्या पोळ्या घेऊन. पहिली पोळी तिनं त्याच्या हातावर ठेवली. विडी कारखान्यात कालच कार्ड परत केलं, म्हणाली. आता रोज मिल म्हटल्यावर विड्या कधी वळायच्या? शेजारच्या येसूबाईला ते लगोलग मिळालंसुद्धा. त्रिंबकनं आता तरी बोलावं की नाही? पण या पठ्ठ्यानं मान खाली घालून पोळी खाल्ली. अख्खी खाल्ली. दानम्मा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि रांगेत न थांबता सरळ आत गेली.

थोड्याच वेळात खात्यात माणसं घेणारा जॉबर धोंडप्पा तिला खिडकीशी परत घेऊन आला. ही म्हणते मी कायम झाले, हिला हे सांगितलं कुणी, असं त्यानं सगळ्यांदेखत विचारलं. कॉम्प्युटरसाठी सगळ्यांचीच नावं मोठी केलीत, मी नुसतं अक्षरांचं बोललो होतो, असं त्रिंबक पुटपुटला.

“भाऊसाहेबांनी न्हाई सांगितलं,” दानम्मा म्हणाली. “मीच तसं समजले.”

त्रिंबकनं तेही खपू दिलं. तोवर त्या दिवसाचे बदलीवाले घेऊन झाले होते. ती घरी गेली, आणि घरी विड्यांची पानंही नव्हती.

संध्याकाळी त्रिंबक विडी कारखान्यात जाऊन मुकादमाच्या हातापाया पडला. कार्ड शिल्लक नव्हतं. रात्रभर त्याला स्वतःची शरम वाटत राहिली. सकाळी दानम्मा रांगेत दिसताच तो बाहेर आला आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला, “दानम्मा, तुमचा गैरसमज झाला ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बोललो नाही.”

“मला बी कळलं हुतं, भाऊसाहेब. पोळी खाताना तुमी एकदा बी वर बगितलं न्हाई, तवाच. पर कार्ड तर गेलं हुतं. म्हटलं, आत जाऊन तरी बगावं.”

काय करू, एवढंच त्यानं विचारलं.

“नाव परत धाकलं करा की. त्या मोठ्या अक्षरांत मला माजं वळखूच येत न्हाई.”

हुकूम मोडून त्रिंबकनं शिफ्टची कळ सोडली आणि तेवढं एक नाव स्मॉल अक्षरांत टाइप करून फायलीवर डकवलं. दानम्मानं खिडकीतून ते नीट पाहून घेतलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे ती रोज तशीच खिडकीशी यायची, आणि ती पुढे जाईपर्यंत त्रिंबकची मान वर होत नसे.