खाटेचा पाळणा

महिपतसमोर खाटेचा विषय काढायचा नाही, हे बाजारहत्नूरच्या आसपासच्या गावांत लहान पोरांनाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर काढायचे. माणूस मुळात कापूस पिकवणारा; पण हातात रंधा आणि पटाशी आली की त्याला शेत दिसेना, जेवण आठवेना. एकुलत्या एक राहीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं जाहीरच करून टाकलं की पोरीची खाट मी माझ्या हातानं करणार, सुताराचं इथं काम नाही. बांधावरचा साग भर पावसाळ्यात पाडला, दिवाळीला खाट जोडली आणि लग्नात मांडवात मधोमध मांडली. व्याही यशवंतराव किनवटकडचे, चांगले दणकट गृहस्थ. ते कौतुकानं खाटेवर टेकले. विडा तोंडात गेला आणि खाट खाली गेली. चार पाय चार दिशांना. यशवंतरावांना खरचटलंसुद्धा नाही, पण अख्खं वऱ्हाड पोट धरून हसलं, आणि महिपतला वाटलं की आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

खाट गोठ्यात जाऊन पडली. कोंबड्यांची सोय झाली.

यशवंतराव मनाचे वाईट नव्हते हो, पण गंमत सोडवत नसे त्यांना. महिपत त्यांच्याकडे गेला की ते बसायचा पाटसुद्धा दाबून बघायचे आणि विचारायचे, "ईवाई, याले तुमचा हात तं नाई लागला ना?" एवढं महिपत गिळायचा. पण राहीच्या घरात पळीचा दांडा निखळो, नाहीतर बादलीची कडी तुटो, सासऱ्याचं एकच बोलणं, "माहेरचं आलं वाटते." राही हसून घ्यायची. एकदा माहेरी आली तेव्हा मात्र मुकाट भाकरी थापत बसली, आणि आईनं, बयनाबाईनं, खोदून विचारल्यावर ढसाढसा रडली. महिपतनं ते ओसरीवरून ऐकलं. त्या दिवशी तो जेवायला आत आलाच नाही.

पुढं राहीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण यशवंतरावांचा निरोप आला, किनवटला नर्सबाई आहे तर बाळंतपण इथंच करू. आणि वर शेपूट जोडलं की तिकडं पोरीला धड खाट तरी मिळते का! महिपत लालेलाल झाला. म्हणाला, बाळंतपण तुमचं, पण पाळणा माहेरचाच येईल आणि तो मीच करीन. बयनाबाईनं कपाळाला हात लावला. धोंडीबा सुताराला सांगा म्हणून तिनं परोपरीनं विनवलं. पण महिपतचं म्हणणं साधं होतं. सुताराचा पाळणा गेला तर खाट तशीच मोडकी राहील, आणि पोरीला जन्मभर ते ऐकावं लागेल.

लाकूड बघायला तो गोठ्यात गेला. कोंबड्या हुसकल्या, मोडक्या खाटेची एक खुंटी सहज धरून ओढली, तर ती दोन बोटांत सुटून आली. महिपत तिथंच शेणात बसला. लाकूड ओलं होतं! ओल्या लाकडाला खाचा पाडल्या, ते वाळून आकसलं आणि सांधे सैल झाले. हात चुकला नव्हता, घाई नडली होती. आता मात्र तोच साग वाळून असा झाला होता की बोटानं वाजवला तर खणकन बोलायचा. मग ठरलं, याच खाटेचा पाळणा.

हिवाळाभर तो त्या पाळण्याच्या मागं होता. लोखंडाचा एक खिळा मारला नाही. खाच आणि खुंटी, खुंटी आणि खाच. बाजूच्या फळ्यांना खाटेच्या सुतळीची भोकं होती, ती सागाच्याच गुटक्यांनी बुजवली. बाळाच्या बोटाला कुसळ लागू नये म्हणून फुटक्या बाटलीच्या काचेनं फळ्या खरवडून खरवडून गुळगुळीत केल्या. वर जवसाचं तेल, बयनाबाईच्या जुन्या मऊ लुगड्याच्या बोळ्यानं चोळलेलं. पोरं दात येताना लाकूड चाटतात म्हणून यानं स्वतः जीभ लावून बघितली. कडू लागलं. मग पाळणा उन्हात ठेवला आणि रोज चाटून बघू लागला. शेजारीपाजारी काय म्हणत असतील याची कल्पनाच केलेली बरी.

नात झाल्याची खबर आली, आणि तिच्या मागोमाग राहीचा गुपचूप निरोप: "बाबा, बारशाच्या दुपारच्या आत पाळणा घेऊन या. मामाजींनी लोखंडी आणून ठेवला हाय. तुमचा नाई आला तं तिले त्यातच निजवतीन."

बारशाच्या दिवशी झुंजुमुंजू होताच गाडी जुंपली. पाळणा त्याच्या लाकडी घोडीला टांगून उभाच गाडीत बांधला, म्हणजे तेलाला ओरखडा नको. आता बयनाबाई अडून बसली. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, आणि या रस्त्यानं तर तो आपोआपच हलणार. तिनं पाट्यावरचा वरवंटा धुतला, त्याला काजळाची तीट लावली, नातीसाठी शिवलेली कुंची घातली आणि पाळण्यात निजवला. नाहीतरी बारशाला आधी वरवंटाच घालतात पाळण्यात. महिपत म्हणाला, घाला बाई, चला.

राहीचं लग्न झालं तेव्हा तिचं सासर आपल्याच जिल्ह्यात होतं. निजाम जाऊन वर्षं लोटली होती, त्याची लोकांना सवय झाली; मग मागल्या साली भाषेवरून राज्यं पडली, आणि किनवट जागच्या जागी बसून मुंबई राज्यात गेलं, बाजारहत्नूर आंध्रात. बैलांना याची काही खबर नव्हती. वाटेत नवा नाका झाला होता, तिथं बांबू आडवा आला म्हणून ते थांबले.

नाक्यावर जंगल खात्याचा चौकीदार. समुद्राकडच्या मुलखातून नवा बदलून आलेला, तेलुगूत घोळवलेली हिंदी बोलणारा. नवं सागवानी सामान दिसतंय, सरहद्दीपार न्यायचा परवाना कुठं आहे, असं त्यानं विचारलं. महिपतला परवाना ठाऊक असता तर त्यानं पाळणा चाटण्यापेक्षा तोच मिळवला नसता का! तेवढ्यात चौकीदाराला कुंची दिसली. त्याचा आवाज एकदम खाली आला. गालाला हात लावून, मान कलती करून, बाळ निजलंय का अशा अर्थी त्यानं आपल्या बोलीत विचारलं, "पापा?" बयनाबाई गोंधळून मान हलवते न हलवते तोच त्यानं बाळाच्या गालाला बोट लावलं.

गार दगड. चौकीदार पांढराफटक पडला, त्यानं हात झटकन मागं घेतला. बयनाबाईनं घाईघाईनं कुंची काढली आणि वरवंटा दाखवला. आणि मग तो असा भडकला म्हणता! दगडाला बाळ करून सागवान पळवता काय! पाळणा इथंच राहील, तालुक्याच्या कचेरीतून परवाना आणा आणि घेऊन जा.

ऊन वर चढत होतं. तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे बारसं बुडालं, आणि नात लोखंडी पाळण्यात गेली. महिपत तावातावानं भांडायला निघाला. बयनाबाईनं त्याचा सदरा मागून धरला.

"खाटेचं सांगा," ती म्हणाली.

महिपतनं तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी बाई घाबरली असती. तीन वर्षांत त्यानं ती गोष्ट स्वतःच्या तोंडानं कधी कुणाला सांगितली नव्हती. पण पाळण्याकडं पाहिलं, राहीचं ते रडणं आठवलं, आणि तो खाली उतरला. फळीवरची बुजवलेली भोकं दाखवली. हे नवं नाही, जुनी खाट आहे, माझ्याच हातची. मग मोडक्या हिंदीत मांडव सांगितला, व्याह्याचं पोट हातानं दाखवलं, विडा तोंडात घातला, आणि शब्द अपुरे पडले तेव्हा भर रस्त्यात धाडकन खाली बसला.

चौकीदार आधी हसू दाबत होता, मग दाबेना. डोळे पुसत त्यानं समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं बोलावली आणि महिपतला पुन्हा सांगायला लावलं. महिपत पुन्हा बसला. या वेळी त्यानं व्याह्याचा चेहराही करून दाखवला, आणि लोक हसले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपणही हसतोय. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं.

जुन्या घरच्या लाकडाला परवाना लागत नाही, असं म्हणत चौकीदारानं बांबू उचलला. गाडी निघता निघता त्यानं पाळण्याला हलकेच झोका दिला आणि वरवंट्याला म्हणाला, "जो-जो." एवढं मात्र दोन्हीकडं सारखंच निघालं.

राहीच्या दारात पोचले तेव्हा बाया जमल्या होत्या, लोखंडी पाळण्याला फुलं बांधून झाली होती, आणि राही पोरीला घेऊन वाटेकडं डोळे लावून उभी होती. यशवंतराव पुढं आले. पाळण्याभोवती फिरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आधी वरवंटा घालून बघू, मग पोरीचं पाहू. बाया हसल्या. राहीची मान खाली गेली.

एरवी महिपत तिथंच भडकला असता. आज तो शांतपणे म्हणाला, "वरवंटा घरून यातच बसून आला, ईवाई. आन् नीट पाहा, ही तीच खाट हाय. तुमी बसले म्हून तं मले कळलं का लाकूड ओलं होतं."

यशवंतराव वाकले. भोकांच्या गुटक्यांवर त्यांनी बोट फिरवलं, ओळख पटली तसा त्यांचा चेहरा बदलला. मग दोन्ही हात पाळण्याच्या काठावर ठेवून त्यांनी सगळा भार टाकला. लग्नापासून तो भार वाढलाच होता. पाळण्यानं हूं की चूं केलं नाही. यशवंतरावांनी लोखंडी पाळण्याची फुलं स्वतःच्या हातानं सोडली आणि महिपतच्या हातात दिली.

महिपतनं ती बांधली. बयनाबाईनं वरवंटा उचलला. राहीनं लेकीला पाळण्यात ठेवलं, दोरी हातात घेतली, पहिला झोका दिला, आणि सासऱ्याकडं बघत भर बायांत मोठ्यानं म्हणाली,

"माहेरचं आलं."