शेऱ्याचा रकाना

दुरुस्तीवालीने राउटरची पिन उपसली, मनातल्या मनात दहा आकडे मोजले आणि पुन्हा खोचली. दिवे एकेक करून लागले. शेवटचा दिवा स्थिर झाल्यावर तिने फॉर्मचं पान उघडायला सांगितलं, तेव्हा ऑपरेटरबाईंनी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं, वही पुढे ओढली आणि मगच माऊसचं बटण दाबलं.

पडदा पांढरा झाला. मधोमध एक चक्र फिरत राहिलं.

“त्रेचाळीस सेकंद,” पान आल्यावर बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. “काल एक्केचाळीस होते. म्हणजे पिन काढून काही उपयोग झाला नाही.”

“काकू, तुम्ही हे रोज लिहिता?”

“अकरा दिवस झाले. बघ ना.”

दुरुस्तीवालीने वही हातात घेतली. पट्टीने आखलेले पाच रकाने होते. तारीख, वेळ, कुठलं पान, किती सेकंद आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात अकराही दिवस एकच मजकूर होता: वेळ संपली.

“लोक मला नुसतं म्हणतात, नेट गेलंय,” ती म्हणाली. “कधीपासून विचारलं तर म्हणतात, बरेच दिवस. तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळालं तर माझं निम्मं काम घरी बसून होईल.”

“एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी. तिथे तोंडी काही चालायचं नाही.”

बाहेरगावचा प्रत्येक कॉल तेव्हा बाईंच्या हातून जाई, आणि प्रत्येक कॉलची एक चिठ्ठी असे. मागणारा कोण, कुठला नंबर, कधी जोडला, कधी तोडला. खाली शेरा. शेरे तीनच होते: बोलणं झालं, उत्तर नाही, मागणाऱ्याने रद्द केला. जगात चौथं काही होऊ शकतं असं खात्याला वाटत नसे. ‘वेळ संपली’ हा चौथा शेरा बाईंना निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी या फॉर्मने शिकवला.

फॉर्म व्हिसाचा होता. मुलगा परदेशात होता, नात पाच वर्षांची झाली होती आणि बाईंनी तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं. मुलाने निमंत्रणाचं पत्र पाठवलं, खाली लिहिलं, आई, सगळं ऑनलाइन आहे, सोपं आहे. पत्राची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. कागद चढवायच्या पानावर वीस मिनिटं मिळत. वीस मिनिटांत फोटो, पासपोर्ट आणि पत्र गेलं नाही की फॉर्म पहिल्या पानावर आणून सोडत असे. अकरा दिवस बाई त्याच पानावर घसरत होत्या. शेवटी परवा मुलाला मेसेज केला, तेव्हा त्याने तिथूनच या दुरुस्तीवालीला गाठून दिलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

दुरुस्तीवालीने बाह्या सारल्या. न मागता येऊन बसलेले चार-पाच प्रोग्राम तिने काढून टाकले. ब्राउझर झाडून घेतला. वायरलेस सोडून राउटरपासून संगणकापर्यंत सरळ वायर टाकली.

“कॉम्प्युटर म्हातारा झालाय हो काकू.”

“माझ्या निम्म्याने पण नाही. त्याला काय धाड भरली?”

दुरुस्तीवाली हसली. मग तिने वेग मोजायचं पान लावलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं. तिने तेच पुन्हा मोजलं.

“गंमत बघा. येणारं सगळं ठीक आहे, चांगलं धो-धो येतंय. जाणारं जवळजवळ शून्य. घरातून बाहेर काही जातच नाहीये.”

“मग पान उशिरा का येतं? पान तर आत येतंय ना?”

“पण पान मागवायला इथून चिठ्ठी जावी लागते. ती चिठ्ठीच रांगेत उभी आहे. आणि फोटो-बिटो तर सगळं जाणारंच. कोणीतरी पुढे उभं राहून सबंध वाट अडवलीय.”

“लाइन अडकलीय,” बाई म्हणाल्या.

“हां, तसंच.”

एक्स्चेंजमध्ये हे रोजचं होतं. दोन्ही बाजूंनी फोन ठेवलेले असत, पण कुठल्या तरी बोर्डावर लाइन जोडायची दोरी खोचलेली राहून जाई. दोरी बिचारी कोणाचंच बोलणं वाहून नेत नसे आणि मागे मात्र सहा जण ताटकळलेले असत. पण म्हणून कोणी उठून दोरी उपटायची नाही. आधी लाइनवर जायचं आणि तीनदा विचारायचं, “बोलणं चालू आहे?” तिसऱ्या वेळीही आवाज आला नाही तरच उपटायची. नवीन आलेल्या मुली दोनदा विचारून मोकळ्या होत. बाईंनी त्यांना त्यासाठी रडवलं होतं.

दुरुस्तीवालीने राउटरचं आतलं पान उघडलं. घरातलं काय काय त्याला जोडलेलं आहे त्याची तिथे यादी होती.

“हा तुमचा कॉम्प्युटर. हा फोन. आणि हे तिसरं? याला नाव नाहीये. रात्रंदिवस बाहेर पाठवतंय बाबा हे, थांबायचं नाव नाही. टीव्ही आहे का?”

बाईंनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं. दुरुस्तीवालीनेही पाहिलं. कपाटावर, फुलदाणीच्या मागे, मुठीएवढा पांढरा कॅमेरा होता. त्याचा निळा दिवा जळत होता.

“तो मुलाने लावलाय,” बाई म्हणाल्या. “मी न्हाणीघरात पडले होते ना, त्यानंतर. आला, चार दिवस राहिला, लावून गेला. रोज बघतो मला.”

“मग चोर सापडला. क्वालिटी सगळ्यात वरची ठेवली असणार. ती खाली आणते, दोन्ही चालेल. फॉर्मही जाईल, मुलगाही बघेल.”

“चेहरा दिसेल ना?”

“दिसेल हो. सुरकुत्या तेवढ्या कमी दिसतील, तुमचाच फायदा.”

बाईंनी कपाळावर आलेले केस मागे सारले. कॅमेऱ्याच्या या खोलीत त्या तशाच वागत असत. सकाळी नऊला इस्त्रीचे कपडे घालून, चहाचा कप घेऊन कपाटासमोरच्या खुर्चीत बसायचं. गोळी घेतली की पाकीट वर धरून दाखवायचं. “मी बघतो ना रोज, मग फोन कशाला, आई?” असं तो म्हणाला, ते त्यांना पटलं होतं. मागच्या हिवाळ्यात हात भाजला, तेव्हा पट्टी बांधलेला हात त्यांनी तीन दिवस दिव्यासमोर धरला. फोन आला नाही. पट्टी नीट बांधलेली दिसली असेल, म्हणून विचारलं नसेल, असं त्यांनी ठरवलं. फारच राग आला तर त्या खिडकीजवळच्या दुसऱ्या खुर्चीत बसत. ती कॅमेऱ्यात येत नव्हती. तासाभराने, तो घाबरेल म्हणून, पुन्हा पहिल्या खुर्चीत येत.

कॅमेऱ्याचं खातं मुलाने याच संगणकावरून काढलं होतं, त्यामुळे ते पासवर्ड न विचारता उघडलं. डाव्या बाजूला चित्रफितींची यादी होती. तीस दिवसांच्या. त्याआधीच्या आपोआप पुसल्या जात. प्रत्येकीपुढे न वाचलेल्या पत्राला असतो तसा जाड ठिपका.

दुरुस्तीवाली पटकन क्वालिटीच्या पानावर जायला निघाली. जरा जास्तच पटकन.

“थांब,” बाई म्हणाल्या. “मागे जा. वर काय लिहिलंय?”

“ते काही नाही काकू, ते आपलं असंच...”

“मला चष्म्याशिवाय दिसतं अजून.”

वर लिहिलं होतं, शेवटचं पाहिलं. पुढे तारीख, वेळ, आणि किती वेळ पाहिलं ते. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती. पाहिलेला वेळ आठ मिनिटं.

बाईंनी बोटांवर हिशेब केला. तो परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. कॅमेरा चालतोय की नाही हे त्याने तपासलं असणार.

“कधी कधी हे बरोबर दाखवत नाहीत,” दुरुस्तीवाली म्हणाली.

“तू एवढी वर्षं हे काम करतेस. बरोबर दाखवत नाही असं कितीदा झालं?”

दुरुस्तीवालीने स्क्रू ड्रायव्हर उगाच पिशवीत ठेवला आणि परत बाहेर काढला.

“क्वालिटी कमी करते मी,” ती हळू म्हणाली. “दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको.”

“वायरच काढायची असेल तर त्यांना फोनवर सूचना जाते. कॅमेरा बंद पडला म्हणून.”

“जाऊ दे.”

बाई उठल्या. कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या, नऊच्या चहाला बसत तिथेच. निळ्या दिव्याकडे बघत, ना मोठा ना बारीक अशा आवाजात त्यांनी विचारलं,

“बोलणं चालू आहे?”

दुरुस्तीवालीला वाटलं आपल्याला विचारलं. ती हो म्हणणार होती, पण बाईंची पाठ बघून गप्प राहिली.

“बोलणं चालू आहे?”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईपर्यंत बाई थांबल्या.

“बोलणं चालू आहे?”

मग त्या वाकल्या, एक हात कपाटावर टेकून, आणि भिंतीतली पिन काढली. निळा दिवा गेला. टेबलाशी येऊन त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली. चार वाजून अकरा मिनिटं.

फॉर्मचं पान दोन सेकंदांत आलं. फोटो सात सेकंदांत गेला, पासपोर्ट नऊ, पत्र सहा. अकरा दिवसांचं काम दुरुस्तीवालीच्या डोळ्यांसमोर अर्ध्या मिनिटात झालं. शेवटचं पान आलं. त्यावर सगळी माहिती पुन्हा एकदा दिलेली होती, आणि खाली दोन बटणं. जमा करा. रद्द करा.

“दाबा काकू! सुटलात.”

“वाचू दे आधी.”

बाई बोट ठेवून वाचत होत्या. नाव, जन्मतारीख, भेटीचं कारण: कुटुंबीयांची भेट. एवढ्यात दुरुस्तीवालीचा फोन वाजला. तिच्या दोन्ही हातांत वायर होती, म्हणून तिने कोपराने फोन टेबलावर सरकवला आणि एका बोटाने स्पीकर लावला.

“हॅलो, तुम्ही आईकडे आहात ना?” आवाज मुलाचा होता. “कॅमेरा ऑफलाइन असा मेसेज आलाय. काय झालं?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून पंधरा मिनिटं.

“काही नाही दादा, मीच... म्हणजे लाइन अडत होती, म्हणून वायर काढलीय.”

“बरं. पण जाताना लावून जा हं, आठवणीने. आई एकटी असते, मला इथे सारखी काळजी लागून राहते. आणि सेटिंग होतं तेच ठेवा. क्वालिटी कमी केली की चेहरा ओळखू येत नाही नीट.”

दुरुस्तीवालीने बाईंकडे पाहिलं.

“काकू इथेच समोर बसल्यात. देऊ का?”

तो घाईने म्हणाला,

“नको, आत्ता नको. मीटिंगमधून उठून बाहेर आलोय. तिला सांगू नका मी फोन केला म्हणून, उगाच बोलत बसेल. आणि तो फॉर्म झाला का?”

“होतोय. एकच बटण राहिलंय.”

“नाही झाला तरी ताण घेऊ नका म्हणावं. तशी घाई काही नाहीये. यंदा इकडे आमचीही धावपळच आहे. पुढच्या वर्षी बघता येईल. तुम्ही तेवढं कॅमेऱ्याचं बघा.”

फोन बंद झाला. दुरुस्तीवालीने हातातली वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“गडबडीत होते ते,” ती म्हणाली. “मीटिंगमधून माणूस असाच बोलतो. आमचे हे पण...”

“चार मिनिटं,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“चार मिनिटांत फोन आला. चांगली आहे यंत्रणा.”

त्या उठल्या, कपाटापाशी गेल्या आणि वाकून पिन भिंतीत खोचली. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

“अहो काकू, आधी जमा करा ना! एका बटणाचं काम आहे. मग लावू आपण.”

“त्याने लावायला सांगितलं ना?”

“अहो, पण जाताना!”

बाई खुर्चीत बसल्या. माऊस हातात घेतला आणि बाण खाली नेला. ‘जमा करा’वर तो क्षणभर थांबला, मग शेजारच्या बटणावर सरकला. त्यांनी दाबलं.

पडदा पांढरा झाला. मधोमध चक्र फिरू लागलं. पुन्हा सगळं आधीसारखं मंद झालं होतं. दुरुस्तीवाली काहीतरी बोलायला पुढे झाली, पण बाईंनी डावा हात किंचित वर केला. नजर घड्याळाच्या काट्यावर होती. दहा. वीस. तीस. एवढ्या वेळात माणूस सहज मन बदलू शकतो. बेचाळिसाव्या सेकंदाला प्रश्न आला: नक्की रद्द करायचं आहे का?

त्यांनी हो म्हटलं. हे पान जायलाही तेवढाच वेळ लागला.

मग बाईंनी वही जवळ घेतली. तारीख लिहिली. वेळ, चार वाजून एकवीस मिनिटं. पान, शेवटचं. सेकंद, बेचाळीस. पेन शेऱ्याच्या रकान्यावर आलं तेव्हा त्या थांबल्या नाहीत. एकतीस वर्षं ज्या वळणाने लिहिलं त्याच वळणाने लिहिलं: मागणाऱ्याने रद्द केला.

“चहा घेशील ना?” त्यांनी विचारलं. “पण त्या खिडकीच्या खुर्चीवर बस. मीही तिथेच दुसरी ओढते.”