शुद्ध पाण्याची रेष

तनुजाला आधी वाटलं, आपल्याकडून ट्यूबची अदलाबदल झाली.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती जिवाणूंमधल्या एका जनुकावर पीएच.डी. करत होती. टेट्रासायक्लिन या औषधापासून जिवाणूला वाचवणारं जनुक. औषध नसलं की ते गप्प असतं, पण औषधाचा अंश पाण्यात आला तरी जागं होतं. जागं झालं की पेशीत त्याचा आरएनए, म्हणजे त्याची नक्कल, वाढतो, आणि तो मोजून स्क्रीनवर रेष काढणारं मशीन नुकतंच लॅबमध्ये आलं होतं. तिला संशय होता तो शहरातून वाहत येणाऱ्या ओढ्याच्या पाण्याचा. तुलनेला शुद्ध पाणी हवं, म्हणून तिनं मांजरी गावातल्या आपल्या घरच्या विहिरीचं आणलं होतं.

स्क्रीनवर ओढ्याची रेष आडवीच राहिली. विहिरीची सरळ वर चढली.

तिचे मार्गदर्शक वैजनाथ सर म्हणाले, "लेबलं वाचता येतात ना आपल्याला? पुन्हा करा."

तिनं नवीन पाणी आणून सगळं पुन्हा केलं. रेष पुन्हा चढली. या वेळी सरांनी पाणी रासायनिक तपासणीला पाठवलं आणि उत्तर आलं: औषध आहे.

तनुजा स्टुलावर बसून राहिली. तिची वहिनी भाग्यश्री गरोदर होती आणि त्याच विहिरीचं पाणी पीत होती. हे औषध गरोदर बाईला देत नाहीत, बाळाचे दात पिवळे पडू शकतात, हाडं बिघडू शकतात, हे तनुजाला पाठ होतं.

ती तडक मांजरीला गेली. उसाचं अर्धं रान बिल्डरला विकून वडिलांनी, मच्छिंद्र यांनी, पोल्ट्री टाकली होती. कुंपणापलीकडे आयटीवाल्यांची सोसायटी उभी राहत होती. वडील विहिरीच्या काठावर कोंबड्यांच्या खाद्याची घमेली धूत होते. पिवळट पाणी फरशीच्या भेगेतून परत विहिरीत उतरत होतं.

"आबा, खाद्यात काय मिसळता?"

"पावडर हाय. खाद्यवालाच देतो. पिल्लं मरत न्हाईत, वजन बी धरतात."

तिनं पिशवीवरचं नाव वाचलं: टेट्रासायक्लिन. "हे विहिरीत चाललंय. वहिनी हेच पाणी पितेय."

मच्छिंद्र यांच्या हातातलं घमेलं खाली आलं. "बाळाला?"

"प्रमाण फार थोडं आहे. बहुतेक काही होणार नाही."

"बहुतेक म्हंजी?"

तेवढ्यात भाग्यश्री तांब्या-भांडं घेऊन आली. "घ्या ताई, उन्हातनं आलात." भांडं घ्यायला कुणाचाच हात पुढे झाला नाही. ती दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी मच्छिंद्र यांनी तिच्या हातून तांब्या काढून घेतला.

त्याच दिवशी त्यांनी विहीर उपसायला मोटर लावली. पाणी उसाकडे धावताना दिसताच तनुजानं ती बंद केली.

"उसात नको, आबा. औषध मातीत उतरेल."

"मग सोडू कुठं?"

शेवटी पाणी विहिरीतच राहू दिलं. विहिरीवर पत्रा टाकला, प्यायला टँकर आला, कोंबड्या विकल्या. डॉक्टर म्हणाले, दात पिवळे येतात का ते दात आल्यावरच कळेल, वाट बघा. भाग्यश्री माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली, धडधाकट. पण मच्छिंद्र यांची भीती जाईना. नात मांडीवर आली की ते तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवत.

एका दुपारी लॅबमध्ये तनुजाला त्यांचा फोन आला.

"दात आलाय," ते म्हणाले. "पांढरा हाय."