गुणाचा बैल

गोरख चर्चमध्ये प्रार्थनेला जायला लागला, तशी त्याची दारू सुटली आणि खोटं बोलणंही. मग बेल्ह्याच्या बाजारात बैल विकताना, घ्यायला आलेल्या हौशीरामनं "काय खोड-बिड?" विचारलं, तर ह्या शहाण्यानं सांगून टाकलं, "हाय ना. गुत्ता दिसला की जागचा हलत न्हाई. माझ्यापायी लागलेली सवय."

हौशीरामचे डोळे चमकले. "खोड कसली राव? लई गुणाचं जनावर!"

गोरखनं कासरा मागं ओढला. "येशूनं मला बाहेर काढलं, ते तुला आत ढकलायला व्हय? न्हाई विकत, जा."

परतताना बैल गुत्त्यासमोर थांबलाच. गोरखनं तिथंच टोपी काढून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आतली गिऱ्हाइकं चुळबुळत उठायला लागली, तसा गुत्तेवालाच धावत आला आणि बैलाला मागून ढकलू लागला.