समारोप कुणाचा

चौथा कर्णा माइकवाल्याने मैदानाकडे न वळवता, खांबावर चढून सरळ आपल्या घराच्या दिशेने बांधला. लेकीला नववा महिना लागला होता, मैदानात येऊन बसणं तिला झेपण्यासारखं नव्हतं. पण सभा तिच्याचसाठी आहे असं तो धरून चालला होता. सरकारने पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्याचं प्रसूतिगृह महिनाअखेर बंद करायचं ठरवलं होतं. त्यानंतरचं इस्पितळ दोन तासांच्या वाटेवर. डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं होतं, कळा सुरू झाल्या की अजिबात वेळ घालवायचा नाही.

खाली उतरून त्याने माइकवर टिचकी मारली.

"हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

इतक्या वर्षांत त्याचं भाषण एवढंच.

खुर्च्या बघता बघता भरल्या. कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, कामावरून परस्पर आलेली माणसं होती. व्यासपीठ तेवढं रिकामं. विरोधी पक्षाचे अध्यक्ष आले होते, माजी अध्यक्षही आले होते, आणि दोघे मैदानाच्या दोन टोकांना आपापल्या गाडीत काचा वर करून बसले होते. मोठा नेता शेवटी बोलतो, ही पक्षाची रीत. समारोप दोघांनाही हवा होता, त्यामुळे सुरुवात करायला कुणी उरलं नव्हतं.

एक कार्यकर्ता या गाडीकडून त्या गाडीकडे हेलपाटे घालत होता.

"काय म्हणतात?" माइकवाल्याने त्याला अडवून विचारलं.

"हे म्हणतात, आधी त्यांनी बोलावं. ते म्हणतात, यांनी."

"अहो, सरकारशी भांडायला आलेत ना?"

"आधी आपसातलं तर आटपू दे," कार्यकर्ता म्हणाला आणि घाम पुसत पुन्हा निघाला.

पहिल्या रांगेतली म्हातारी हे सगळं ऐकत होती. "सरकार दवाखान्याचं दार लावतंय," ती शेजारणीला म्हणाली, "आणि यांच्याच्यानं गाडीचं उघडत नाही."

आजूबाजूचे हसले. ते हसू फार टिकलं नाही. मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या, मग मधल्या. कुणी आवाज चढवला नाही, कुणी शिवी दिली नाही. दुकान बंद दिसल्यावर माणूस मागे फिरतो तशी माणसं मागे फिरली. माइकवाल्याला नेत्यांपेक्षा त्या मुकाट्याने उठण्याचाच राग आला.

दिवेलागणीला दोन्ही गाड्या एकदमच सुरू झाल्या. आधी निघून जायलाही कुणी तयार नव्हतं.

म्हातारी उठता उठता त्याच्यापाशी थांबली. "माइक चालू आहे ना रे? मग तूच बोल की. तुझ्या तर घरातच पोटुशी लेक आहे."

तो व्यासपीठावर चढला. सांगायचं सगळं घशापर्यंत आलं होतं: लेक, दोन तासांची वाट, बजावतानाचा डॉक्टरीणबाईंचा चेहरा. त्याने माइक तोंडाशी धरला.

"हॅलो," तो म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, "हॅलो."

समोर म्हातारी होती आणि खुर्च्या होत्या. पुढचा शब्द काही केल्या फुटेना. त्याने बटण बंद केलं आणि वायर गुंडाळायला घेतली. वेटोळं नीट बसत नव्हतं.

घरी लेक खिडकीपाशीच बसली होती. दाराशी तिची दवाखान्याची पिशवी भरून ठेवलेली होती.

"बाबा, तुमचाच आवाज आला फक्त."

"हं."

"आधीचं हॅलो नेहमीचं होतं. नंतरचं नव्हतं. वाटलं, आता बोलणार तुम्ही."

त्याने वेटोळं खांद्यावरून उतरवून पिशवीशेजारी ठेवलं.

"बोलणार होतो. पण ओ द्यायला तरी कुणी हवं ना."

"मी दिली की," ती म्हणाली. "इथून तुम्हाला ऐकू कशी येणार?"