न सांगता काढलेला हात

नणंदेने बॅगेची चेन ओढली, ती मध्येच अडकली, तरी सूनबाई मदतीला पुढे झाली नाही. एरवी झाली असती. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, चक्क पोक काढून. जिने सबंध घराला ‘खांदे मागे, हनुवटी आत’ म्हणून भंडावून सोडलं होतं, जेवायच्या टेबलावरही कुणाला सुखाने वाकू दिलं नव्हतं, तिने असं उभं राहावं! पण आज ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पलंगाच्या कडेला सासूबाई बसल्या होत्या. मनगटाला प्लास्टर. शेजारी नणंदेने कुणाकडून तरी मागून आणलेली चाकांची खुर्ची. तिच्यासाठी मऊ गादीही मुद्दाम शिवून घेतलेली. लेकीची माया होती ती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. आमचा तळमजला आहे, नणंद सांगत होती, दिवसभराची बाई ठेवलीय, आईला एक पाऊल टाकावं लागणार नाही.

नेमकं हेच वाक्य सूनबाईला खुपलं. ती फिजिओथेरपिस्ट. मान आखडलेले कारकून, कंबर धरलेले शिंपी, गुडघ्यांना कंटाळलेली म्हातारी माणसं तिच्या क्लिनिकमध्ये येत. एकदा खुर्ची लागली की मांड्या वाळतात, गुडघे आखडतात, मग उठायचं मनातसुद्धा येत नाही, हे ती त्यांच्या मुलासुनांना घसा कोरडा होईस्तोवर सांगे. आज मात्र तोंड उघडायची सोय नव्हती. सासूबाई पडल्या होत्या त्या तिच्याच हातून.

खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना चालतं केलं होतं तेही तिनेच, आपल्या ठेवणीतल्या युक्तीने. कोपराखाली हात ठेवायचा, गप्पा मारत चालवायचं, आणि पाय नीट पडायला लागले की न सांगता हात अलगद काढून घ्यायचा. भिंत गाठली की मागून टाळ्या: बघा, मी केव्हाच सोडलं होतं! ही युक्ती आजवर कधी फसली नव्हती. चकित झालेल्या त्या आजीआजोबांचे चेहरे बघायला ती हपापलेली असे, खोटं कशाला बोला. त्या दिवशी पॅसेजमध्ये तिने हात काढला, चांगली मागे सरून कौतुकाने बघत राहिली, आणि भिंत हाताशी यायच्या आत सासूबाई कोसळल्या.

पायपुसण्यात पाय अडकला, असं सासूबाईंनीच सगळ्यांना सांगितलं. पायपुसणी ठेवताच कशाला म्हणून नणंद भावावर बरसली. घरातली एकूण एक पायपुसणी सूनबाईने ऑपरेशनच्या आधीच माळ्यावर टाकली होती. तरी ती मूग गिळून बसली. त्यांना खरंच तसं वाटलं, की त्यांनी आपल्याला पाठीशी घातलं, हे विचारायचा धीर तिला अजून झाला नव्हता.

चेन एकदाची लागली. नणंद बॅग गाडीत ठेवायला खाली गेली. सूनबाई पलंगाशी आली.

“आई, जायच्या आधी एकदा उभ्या राहता का? मी धरते.”

सासूबाईंनी पुढे आलेल्या हाताकडे बघितलं.

“त्या दिवशीही धरलंच होतंस.”

तुम्हाला कळलं होतं का, असं सूनबाईने कसंबसं विचारलं.

“फळ्यावर लिहिण्यात जन्म गेला माझा. पाठीमागे वर्गात कोण काय करतंय ते मला न बघता कळायचं. कोपरावरून हात गेलेला कळणार नाही? पहिल्या दिवसापासून कळत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू टाळ्या वाजवायचीस. एवढी खूश व्हायचीस, म्हटलं होऊ दे पोरीच्या मनासारखं.”

त्या दिवसाचंही त्यांनी सांगून टाकलं, भाजी निवडता निवडता सांगावं तसं. पायातलं बळ गेल्यासारखं वाटलं. हाक अगदी ओठांवर आली होती. पण हाक मारली असती तर आपलं इतक्या दिवसांचं सोंग उघडं पडलं असतं. भिंत जवळच दिसत होती, म्हटलं गाठू.

सूनबाई पलंगावर बसली. क्लिनिकमधले एकेक चेहरे तिच्या डोळ्यांपुढे आले. त्यातलं कोण खरंच चकित झालं होतं आणि कोण तिचं मन राखायला, आतून घाबरत, भिंत शोधत होतं? तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

“मला त्या खुर्चीत नाही बसायचं गं,” सासूबाई म्हणाल्या. “पण तुझ्या हाताचा भरवसाही नाही राहिला. काय करू, तूच सांग.”

“सोडताना सांगेन,” सूनबाई म्हणाली. “तुम्ही हो म्हणालात तरच.”

सासूबाईंनी धडधाकट हात तिच्या हातात दिला. उठताना त्यांचं सगळं अंग थरथरलं. खोलीबाहेर पडून दोघी पॅसेजमध्ये आल्या, आणि भिंत अजून लांब असताना सूनबाई थांबली.

“आई, सोडू?”

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, पुन्हा उघडले.

“सोड.”

तिने हात काढला. तेवढ्यात नणंद दारात आली. आपली आई एकटी हेलकावतेय आणि भावजय हात काढून उभी, हे बघून ती धावलीच.

“अगं धर ना तिला!”

“कुणी धरू नका,” सासूबाई समोर बघत म्हणाल्या. “या वेळी तिनं सांगून सोडलंय.”

नणंद जागच्या जागी थबकली. तिने आईकडे बघितलं, मग भावजयीकडे.

“या वेळी म्हणजे?”

सूनबाईने मान खाली घातली नाही. सासूबाईंनी पुढचं पाऊल उचललं होतं, आणि ते अजून टेकायचं होतं.